अँटिसायकोटिकची जीवघेणी रिॲक्शन येऊन गेली आहे, आता ऑपरेशन आहे. भूल कोणती सुरक्षित?

मीरा_कर्वेनगर

नमस्कार मंडळी. इथे बरेच शुभंकर (मानसिक आजार असलेल्यांची काळजी घेणारे) आहेत आणि वैद्यकीय क्षेत्रातलेही काहीजण नियमित लिहितात, म्हणून हा धागा काढतेय.

माझ्या मोठ्या भावाला, आम्ही त्याला अण्णा म्हणतो, कॉलेजच्या वयापासून स्किझोफ्रेनिया आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी तो खूप बिथरला होता तेव्हा एका हॉस्पिटलात त्याला हॅलोपेरिडॉल या अँटिसायकोटिकची, म्हणजे तीव्र मानसिक आजारावरच्या औषधाची, इंजेक्शनं लागोपाठ दिली गेली. दोन-तीन दिवसांत ताप १०४ च्या वर गेला, अंग लाकडासारखं ताठ झालं, घामाने चादर ओली, बोलणं असंबद्ध, लघवी गडद तपकिरी. आयसीयूत हलवलं. निदान सांगितलं ते 'न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम', म्हणजे एनएमएस. अण्णा वाचला. पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी फार सावकाश क्लोझापाइन हे दुसरं अँटिसायकोटिक सुरू केलं आणि आज तो स्वतः भाजी आणतो, लाइट बिल भरतो, आईला डॉक्टरकडे नेतो.

आता त्याच्या पित्ताशयात खडे निघालेत. सर्जन म्हणतात दुर्बिणीतून पित्ताशय काढू. भूलपूर्व तपासणीच्या फॉर्मवर ॲलर्जीचा रकाना होता, त्यात मी हॅलोपेरिडॉल आणि एनएमएस असं लिहिलं. तिथले ज्युनिअर डॉक्टर म्हणाले, "ही ॲलर्जी नाही, आणि भुलेत हे औषध नसतंच. काळजी करू नका." घरी आलो तर एक नातेवाईक म्हणाले, असा ताप येऊन गेलेल्याला पूर्ण भूल द्यायचीच नसते, भुलेच्या गॅसनेही तसाच ताप येतो आणि माणूस टेबलावर जातो. तेव्हापासून आईची झोप उडाली आहे.

कोणाचं खरं मानायचं? भूलतज्ज्ञांना नेमकं काय विचारू?

उमेश_आंबेगाव

ताई, माझ्या मामांचं पित्ताशय पाठीत इंजेक्शन देऊन काढलं होतं, पूर्ण भूल दिलीच नाही. सर्जनना विचारून बघा. फक्त मामांचा खांदा खूप दुखला होता आणि मधेच ते अस्वस्थ झाले होते, एवढं आठवतंय.

संथ_श्वास

मी भूलतज्ज्ञ आहे, पुण्यातच काम करतो. मीराताई, अण्णांची फाइल मी पाहिलेली नाही, त्यामुळे हा त्यांच्यासाठीचा सल्ला नव्हे. तुमच्या भूलतज्ज्ञांशी बोलणं सोपं जावं म्हणून लिहितो.

तुमचे नातेवाईक दोन वेगळे आजार एक समजताहेत. त्यांना दोष नाही. डॉक्टरमंडळींमधेही यावर बराच काळ वाद होता, कारण दोन्हींत ताप, ताठरपणा आणि रक्तातल्या सीके या एन्झाइमची मोठी वाढ दिसते. दोन्हींची पहिली नोंदही १९६० मधलीच. मेलबर्नला डेनबरो आणि लव्हेल यांच्याकडे २१ वर्षांचा एक मुलगा पाय मोडून आला. त्याला पायापेक्षा भुलेची धास्ती जास्त होती, कारण त्याचे दहा नातेवाईक इथर दिल्यावर दगावले होते. हा झाला मॅलिग्नंट हायपरथर्मिया, एमएच. त्याच वर्षी फ्रान्समधे जाँ डिले आणि सहकाऱ्यांनी हॅलोपेरिडॉल दिलेल्या पेशंटांमधला जो प्रकार लिहिला, तो एनएमएस.

एमएचचा दोष स्नायूत असतो. स्नायूच्या पेशीत कॅल्शियम साठवणाऱ्या कप्प्याला एक दार असतं, रायनोडाइन रिसेप्टर. त्याच्या जीनमधे आनुवंशिक बिघाड असेल तर सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन, हॅलोथेनसारखे भुलेचे वायू किंवा सक्सिनिलकोलीन, ज्याला आम्ही ओटीत स्कोलीन म्हणतो, यांनी ते दार उघडं राहतं आणि स्नायू पेटतात. हे बहुधा टेबलावरच, काही मिनिटांत ते काही तासांत होतं. एनएमएसमधे मूळ गडबड मेंदूत असते. डोपामीनचा डी-टू रिसेप्टर औषधाने अडवला जातो, त्यातून ताठरपणा आणि तापमानाचं नियंत्रण सुटणं, आणि हे काही दिवसांत चढत जातं. फरकाचा एक चांगला पुरावा असा, की व्हेक्युरोनियमसारखं स्नायू सैल करणारं औषध दिलं तर एनएमएसमधला ताठरपणा सुटतो, एमएचमधला सुटत नाही, कारण तिथे स्नायू स्वतःच आवळलेला असतो. डॅन्ट्रोलीन हे औषध दोन्हींत वापरलं जातं, त्यामुळेही गोंधळ वाढला.

एनएमएस बरा होत नसेल तर ईसीटी, म्हणजे भुलेखाली मेंदूला दिलेला विजेचा सौम्य झटका, हाही एक उपचार आहे, आणि त्यासाठी भूल व स्कोलीन देतात. अशा पेशंटांत एमएच होताना दिसलेला नाही. त्यामुळे आज सर्वसाधारण मत असं, की एनएमएस होऊन गेला म्हणून पूर्ण भूल वर्ज्य नाही.

तरीही दोन ठिकाणी मी स्वतः थांबतो. एक, जुनं निदान कागदावर पक्कं नसेल तर. "खूप ताप आला होता, अंग ताठलं होतं" एवढंच हाती असेल, आणि तो ताप एखाद्या ऑपरेशनच्या आसपास आला असेल, किंवा घराण्यात कोणी भुलेत दगावलं असेल, तर मी वायू आणि स्कोलीन दोन्ही टाळून प्रोपोफॉलच्या ड्रिपवर पूर्ण भूल देतो. सोबत वेदनेसाठी फेंटानिल, आणि स्नायू सैल करायला रोक्युरोनियम. दोन, एनएमएस अगदी अलीकडचा असेल, पेशंट अंथरुणाला खिळून होता, स्नायू झिजले आहेत, तर स्कोलीनने रक्तातलं पोटॅशियम एकदम चढू शकतं. तिथे एमएचचा संबंध नाही, पण धोका खराच.

मणक्यातली भूलही वाईट नाही. तिथे वापरतात त्या बुपिव्हाकेनचा डोपामीनशी काहीच संबंध नाही. फक्त दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने खांदा दुखतो (उमेश यांच्या मामांचा दुखला तो यामुळेच), श्वासाला दडपण येतं, आणि मुळातच घाबऱ्या माणसाला जागेपणी ते सहन करायला लावणं मला पटत नाही. हर्नियाचं असतं तर मी मणक्यातली भूल आधी सुचवली असती.

पण खरं सांगू का, अण्णांच्या बाबतीत मला भुलेची चिंता कमी आहे. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर वॉर्डात काय टोचलं जातं त्याची जास्त आहे. ओपीडी संपल्यावर लिहितो.

रात्रपाळी

डॉक्टर यायच्या आत मीच लिहिते, कारण त्या वॉर्डात मी असते. स्टाफ नर्स आहे.

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर मळमळ-उलटी भरपूर जणांना होते. रात्री दीड-दोनला पेशंट ओकतो. ड्युटी डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर. फोनवर ऑर्डर येते, "एक पेरिनॉर्म दे". पेरिनॉर्म म्हणजे मेटोक्लोप्रामाइड. ते उलटीचं औषध म्हणून सगळ्यांना माहीत आहे, पण हॅलोपेरिडॉल मेंदूत जिथे काम करतं तिथेच तेही करतं. काही ठिकाणी तर ते ऑपरेशननंतरच्या ठरलेल्या औषधांत आधीच लिहिलेलं असतं, म्हणजे कोणाला विचारायचाही प्रश्न नाही. आणि पेशंट उठून बसला, सलाईन ओढायला लागला, की "सेरेनेस-फेनर्गन दे". सेरेनेस म्हणजे साक्षात हॅलोपेरिडॉल. मानसिक आजाराचा पेशंट अशी फाइलवर नोंद असली की हाच विचार सगळ्यात आधी येतो.

यात कोणाचा वाईट हेतू नसतो. रात्री एका माणसाकडे खूप पेशंट असतात आणि हात सवयीने चालतो. म्हणून माझं सांगणं: फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने, मोठ्या अक्षरात, औषधांची नावं ब्रँडसकट लिहून घ्या. नुसतं 'एनएमएस' लिहू नका, सर्जरीच्या वॉर्डात कित्येकांना ते पटकन लागत नाही. 'हे देऊ नये' आणि त्याच्या खालीच 'याऐवजी हे द्यावे' असं लिहा. दुसरी ओळ पहिलीपेक्षा महत्त्वाची, कारण दोन वाजता आम्हाला पर्याय हवा असतो. तोच कागद पलंगाच्या डोक्याशी चिकटवा. पाळी बदलताना नव्या सिस्टरना स्वतः जाऊन दाखवा. आम्हाला राग येत नाही त्याचा.

मीरा_कर्वेनगर

हे वाचून पोटात गोळा आला. पेरिनॉर्म तर आमच्या घरातही असायचं.

संथ_श्वास, जुनी फाइल नाहीये. फक्त एक डिस्चार्ज कार्ड सापडलं. त्यावर कोपऱ्यात एनएमएस लिहून पुढे प्रश्नचिन्ह आहे. सीकेचा आकडा नाही. हॉस्पिटलात विचारलं तर म्हणाले, एवढे जुने कागद ठेवत नाही.

संथ_श्वास

दुर्दैवाने कागद मिळणं अवघड. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार इनडोअर पेशंटचे कागद तीन वर्षं जपणं बंधनकारक आहे, आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायला हवेत. त्यापुढचं मिळेलच असं नाही. (बाकीच्यांनी हे वाचून आजच आपापल्या कागदांच्या झेरॉक्स काढून ठेवा.)

त्या वेळच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे नोंद असेल का? नसेल तर तुम्हाला जे आठवतं तेच तारखांच्या क्रमाने एका पानावर लिहा: इंजेक्शन कधी, ताठरपणा कधी, ताप कधी, औषध थांबवल्यावर किती दिवसांनी उतरला. गोळ्या-इंजेक्शनं थांबवल्यावर एनएमएस साधारण आठवडा-दहा दिवसांत ओसरतो, महिनाभर टिकणारं डेपो इंजेक्शन असेल तर जास्त लागतात. या क्रमावरून आम्हाला पुष्कळ कळतं. शिवाय, अण्णांना कधी पूर्ण भूल दिली आहे का?

मीरा_कर्वेनगर

हो, लहानपणी अपेंडिक्स काढलं होतं. काही त्रास झाला नव्हता. आणि घराण्यात भुलेत कोणी गेलेलं नाही, आईला आणि काकांना विचारून खात्री केली.

संथ_श्वास

चांगलं आहे. एमएच असणाऱ्यालाही पहिल्या-दुसऱ्या भुलेत काहीच न होणं शक्य असतं, त्यामुळे एवढ्यावर शंभर टक्के भरवसा ठेवता येत नाही, पण पारडं बरंच झुकतं.

आता राहिलेलं. डोपामीन अडवणारी औषधं आमच्या ट्रेमधे शिरली ती आजची नाहीत. क्लोरप्रोमाझिन हे पहिलं अँटिसायकोटिक आधी भुलेच्याच कामासाठी वापरलं गेलं. आँरी लाबोरी नावाचे फ्रेंच सर्जन शस्त्रक्रियेच्या पेशंटांना शांत ठेवायचा उपाय शोधत होते, आणि १९५२ मधे ते मनोरुग्णांकडे वळलं. पुढे ड्रोपेरिडॉल आणि फेंटानिल मिळून भुलेची एक वेगळी पद्धतच निघाली होती. म्हणून फॉर्मवर 'भुलेत हे औषध नसतंच' असं म्हणणं मला घाईचं वाटतं. मुख्य भुलेत नसतं, पण तिच्या आजूबाजूला असतं.

मग उलटीसाठी काय? मुळात प्रोपोफॉलच्या ड्रिपवर भूल दिली तर उलटीच कमी होते. सुरुवातीला डेक्सामेथासोन, शेवटी ऑन्डॅन्सेट्रॉन. त्याआधी ईसीजी बघायचा, कारण ऑन्डॅन्सेट्रॉन आणि कित्येक अँटिसायकोटिक हृदयाचा क्यूटी नावाचा काळ लांबवतात. तो आधीच लांब असेल तर पॅलोनोसेट्रॉन किंवा ॲप्रेपिटंट. दुखण्यासाठी सर्जनना जखमांभोवती बधिर करायला सांगायचं, पॅरासिटामॉल नियमित द्यायचं. ट्रॅमाडॉल मी टाळेन, क्लोझापाइनने फिट्सचा उंबरठा आधीच खाली आलेला असतो.

बिथरला तर? आधी बघायचं की दुखतंय का, लघवी तुंबली आहे का, ऑक्सिजन कमी आहे का. निम्म्या वेळा उत्तर तिथेच मिळतं. नाहीच जमलं तर आयसीयूत डेक्समेडेटोमिडीन हे शांत करणारं औषध. लोराझेपामही चालतं, पण क्लोझापाइनवर असलेल्याला इंजेक्शनने देताना श्वासावर आणि बीपीवर कडक नजर हवी.

पेठेतला_केमिस्ट

सदाशिव पेठेत दुकान आहे, रोज प्रिस्क्रिप्शनं हाताखालून जातात, म्हणून एक भर घालतो. ही औषधं फक्त इंजेक्शनात नाहीत. ॲसिडिटीच्या साध्या वाटणाऱ्या कॅप्सूलमधे रॅबेप्राझोल किंवा पँटोप्राझोलच्या जोडीला लेव्होसल्पिराइड असतं. नाव पोटाच्या औषधाचं, पण ते अँटिसायकोटिकच्याच कुळातलं. पित्ताशयाच्या पेशंटला पोट फुगतं म्हणून तेच सर्रास लिहून मिळतं! चक्करसाठी स्टेमेटिल, म्हणजे प्रोक्लोरपेराझिन, तेही त्याच कुळातलं. सिनारिझिन आणि मायग्रेनचं फ्लुनारिझिन यांनीही डोपामीन अडतं. डॉम्पेरिडोन मेंदूत फारसं जात नाही, पण क्यूटी लांबवतं.

स्ट्रिपवरचं मोठं नाव वाचू नका, खालची बारीक अक्षरं वाचा. पॅन, रॅब अशा नावांपुढे एल, डी, आयटी अशी शेपटं असतात, त्या शेपटात काय आहे ते दुकानदाराला विचारा. न सांगणाऱ्याकडून औषध घेऊ नका.

मीरा_कर्वेनगर

दादा, तुमचा प्रतिसाद वाचून अण्णांच्या पिशवीतली स्ट्रिप उलटी करून पाहिली. लेव्होसल्पिराइड ७५ मिग्रॅ. आठवड्यापूर्वी फॅमिली डॉक्टरांनी दिली होती. अजून सुरू केली नव्हती, त्याला जेवणाआधीची गोळी आवडत नाही म्हणून. मानसोपचारतज्ज्ञांना लगेच फोन केला, त्यांनी बंदच ठेवायला सांगितलं आणि साधं पँटोप्राझोल दिलं.

जुईली_औंध

माझ्या मुलीला तापात उलटीसाठी पेरिनॉर्म दिलं होतं, तर तासाभरात मान एका बाजूला वळली, डोळे वर गेले, जीभ बाहेर. शुद्धीत होती आणि रडत होती. कॅज्युअल्टीत फेनर्गन दिल्यावर काही मिनिटांत मान सरळ झाली. हाच एनएमएस का? तिच्या दाढेचं ऑपरेशन आहे, तिलाही हे सगळं लागू होतं का?

मनआरोग्य

मी मानसोपचारतज्ज्ञ. जुईलीताई, तो एनएमएस नव्हे, ॲक्यूट डिस्टोनिया, म्हणजे स्नायूंना अचानक पडलेला पीळ. लहान मुलं आणि तरुण मुली यांच्यात मेटोक्लोप्रामाइडने तो जास्त होतो. दिसायला भयंकर, पण उताऱ्याचं औषध दिलं की सुटतो. घशाच्या स्नायूंना झाला तर मात्र श्वास अडतो, म्हणून भूलतज्ज्ञाला सांगायलाच हवं. तुमच्या मुलीसाठी भुलेत काही बदल नाही, फक्त मेटोक्लोप्रामाइड आणि त्याच्या भावंडांना मज्जाव. युरोपात २०१३ पासून हे औषध पाच दिवसांच्या वर देऊ नये असा दंडक आहे, अमेरिकेने २००९ मधेच जास्त काळ घेतल्यास कायमच्या हालचालींचा विकार होऊ शकतो असा ठळक इशारा द्यायला लावला.

गंमत बघा, तुमच्या मुलीला ज्या फेनर्गनने बरं वाटलं तेही फिनोथायाझिनच, म्हणजे क्लोरप्रोमाझिनच्याच कुळातलं आहे. डोपामीनवर त्याचा जोर कमी आणि कोलीनविरोधी जोर जास्त, म्हणून डिस्टोनियात ते उपयोगी पडतं. अण्णांसारख्या पेशंटला मात्र मी तेही देणार नाही. त्यामुळे 'अँटिसायकोटिकची रिॲक्शन' असं मोघम लिहू नका. डिस्टोनिया, एनएमएस की वर्षानुवर्षांच्या औषधाने तोंड-जीभ हलत राहणं, यातलं नेमकं काय झालं ते लिहा. प्रत्येकाला भूलतज्ज्ञाची तयारी वेगळी असते.

मीराताई, तुमच्यासाठी क्लोझापाइनचं. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीचा आणि सकाळचा डोस द्यायचा की नाही हे मानसोपचारतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलून ठरवू द्या, तुम्ही मधे निरोप्या होऊ नका. लक्षात ठेवायचं ते हे: ४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला तर जुना डोस एकदम सुरू करायचा नाही, १२.५ मिलिग्रॅमपासून परत चढवायचा. पोट साफ होतंय का ते रोज बघा, क्लोझापाइन आणि ऑपरेशन मिळून आतडं मंद करतात. उपाशीपोटी तासन्‌तास ठेवू नका, पाणी कमी पडणं हे एनएमएसला खतपाणी आहे. ऑपरेशन सकाळचं पहिलं मागा, सलाईन लवकर लावून घ्या.

आणि अण्णा सिगारेट ओढतात का? ओढत असतील तर हॉस्पिटलात ती बंद होईल, आणि सिगारेट बंद झाली की क्लोझापाइनची रक्तातली पातळी काही दिवसांत चांगलीच वर जाते. हे सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांच्याही लक्षात येत नाही.

मीरा_कर्वेनगर

ओढतो. रोज. हे आम्हाला आजवर कोणीच सांगितलं नव्हतं.

स्पष्टवक्ता_६७

इंटरनेटवर वाचून डॉक्टरांना शिकवायला जाऊ नये असं माझं मत. डॉक्टर दहा वर्षं शिकून येतात. पेशंटच्या मनात भीती भरून उपयोग काय?

रात्रपाळी

काका, शिकवायचं नाहीच आहे. अण्णांना हॅलोपेरिडॉलने काय झालं हे जगात फक्त त्यांच्या घरच्यांना माहीत आहे. ते त्यांनी नाही सांगितलं तर दहा वर्षं शिकलेल्या माणसाला कळणार कुठून?

संथ_श्वास

रात्रपाळी यांना पूर्ण अनुमोदन. मला पेशंटच्या बहिणीने असा एक कागद हातात दिला तर मी तिचे आभारच मानेन.

शुभंकर_धायरी

सिझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या इथल्या शुभंकर गटात मी जातो, तिथे हा विषय वरचेवर निघतो. दोन गोष्टी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आगाऊ निर्देश देऊन ठेवायची सोय आहे, म्हणजे शुभार्थी (आजार असलेली व्यक्ती) बरा असताना 'मला हा उपचार नको, हा चालेल' असं लिहून ठेवू शकतो. पण तो इमर्जन्सीत लागू होत नाही, आणि सेरेनेस बहुतेक वेळा इमर्जन्सीतच दिलं जातं. म्हणून निर्देश जरूर करा, पण कागद आणि मनगटावरची पट्टी सोडू नका.

दुसरं, अशी रिॲक्शन आली तर ती सरकारकडे नोंदवता येते. भारतीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाचा फोन १८००-१८०-३०२४, आणि पेशंट किंवा नातेवाईक स्वतः फॉर्म भरू शकतात. आमच्यापैकी कोणी भरलाच नव्हता, आता भरायला लागलो आहोत.

मीरा_कर्वेनगर

मंडळी, ऑपरेशन झालं. अण्णा घरी आहे.

भूलतज्ज्ञ बाई फार चांगल्या भेटल्या. मी एक पान दिलं, त्यांनी उभ्याने वाचलं, मग खुर्ची ओढून बसल्या आणि पुन्हा वाचलं. म्हणाल्या, "डिस्चार्ज कार्डावर प्रश्नचिन्ह आहे ना, मग मी गॅस आणि स्कोलीन वापरतच नाही. प्रोपोफॉलवर करू." डॅन्ट्रोलीन कुठून मिळेल हे त्यांनी आधीच फोन करून विचारून ठेवलं होतं. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा परिणाम उतरवायला सुगामाडेक्स वापरलं. ते महाग आहे हे आधी सांगून विचारलं, आम्ही हो म्हटलं. शरीराचं तापमान आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड पूर्ण वेळ बघत होत्या. एमएचची पहिली चाहूल तापाने नाही, त्या कार्बन डायऑक्साइडच्या आकड्याने लागते असं त्यांनी सांगितलं.

रात्री रात्रपाळी म्हणाल्या तसंच झालं. अकराच्या सुमारास त्याला मळमळायला लागलं. सिस्टर ट्रे घेऊन आल्या, अँप्युल फोडलेलं होतं. मी नाव विचारलं. पेरिनॉर्म. पलंगाच्या डोक्याशी कागद होता, मी फक्त बोट दाखवलं. त्यांनी वाचलं, "अरे देवा" म्हणाल्या, परत गेल्या आणि ऑन्डॅन्सेट्रॉन घेऊन आल्या. 'याऐवजी हे द्यावे' ही ओळ तिथे नसती तर फोनाफोनीत अर्धा तास गेला असता. त्या सिस्टर नंतर पाळी संपेपर्यंत दर तासाला ताप बघून गेल्या.

क्लोझापाइनचा एकच डोस चुकला. सिगारेटचं मानसोपचारतज्ज्ञांना सांगितलं, त्यांनी चौथ्या दिवशी रक्तातली पातळी तपासायला सांगितली आणि डोस थोडा कमी केला.

आमच्या कागदावरचा मजकूर बऱ्याच जणांनी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) मागितला, तो इथेच देते: 'या पेशंटला हॅलोपेरिडॉलने एनएमएस झाला आहे. देऊ नये: सेरेनेस, पेरिनॉर्म, स्टेमेटिल, फेनर्गन, लार्गॅक्टिल (क्लोरप्रोमाझिन), ड्रोपेरिडॉल, लेव्होसल्पिराइड. उलटीसाठी: ऑन्डॅन्सेट्रॉन, डेक्सामेथासोन. अस्वस्थ झाल्यास: आधी दुखणे, लघवी, ऑक्सिजन पाहावे व भूलतज्ज्ञांना फोन करावा. ताप १०० च्या वर किंवा अंग ताठ झाल्यास लगेच सीके तपासावे. क्लोझापाइन चालू आहे, न विचारता बंद करू नये.' खाली मानसोपचारतज्ज्ञांची सही, शिक्का आणि मोबाइल नंबर. सहीमुळे फरक पडतो, माझ्या अक्षरात असतं तर कदाचित इतकं मानलं गेलं नसतं.

रात्रपाळी

मीराताई, डोळ्यांत पाणी आलं वाचून. हा मजकूर आमच्या इन्चार्ज सिस्टरना दाखवते उद्या.

निवांत_बिबवेवाडी

माझ्या वडिलांना रिस्पेरिडोनने एनएमएस झाला होता, आता क्वेटियापिनवर आहेत. त्यांचं रूट कॅनाल आहे. डेंटिस्टकडेही हे सगळं सांगायचं का? हिरडीत टोचतात ती भूल चालते ना?

संथ_श्वास

लिग्नोकेन बिनधास्त चालतं. त्यात मिसळलेलं ॲड्रेनालिन डेंटिस्ट अगदी थोडं वापरतात, तेही सहसा चालतं. पण क्वेटियापिन चालू आहे हे सांगा, कारण ते बीपी खाली आणतं, आणि खुर्चीतून एकदम उठल्यावर वडिलांना चक्कर येऊ शकते. दोन मिनिटं बसवून मगच उठवा. आणि त्या चक्करसाठी कोणी स्टेमेटिल लिहून दिलं तर घेऊ नका. दातासाठी अँटिबायोटिक लागलं तर क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन नको म्हणावं, त्यांनी क्वेटियापिनची पातळी चढते. पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर अमॉक्सिसिलिन घेता येतं.

निवांत_बिबवेवाडी

धन्यवाद डॉक्टर. ॲलर्जी नाही. गुरुवारची अपॉइंटमेंट आहे, मीराताईंचा कागद वडिलांच्या औषधांप्रमाणे बदलून आमच्या मानसोपचारतज्ज्ञांची सही त्याआधी घेतो.